काशीचा घाट, सारनाथचा ओप आणि प्रकाशाचे गणित

काशीस आलेला मराठी माणूस दोन गोष्टी केल्यावाचून सहसा परत फिरत नाही. पहाटे नाव करून तो गंगेवरून घाट पाहतो. आणि नावाडी एकामागून एक अहिल्याबाईंचा, शिंद्यांचा, भोसल्यांचा घाट दाखवू लागला म्हणजे परमुलखात घरचे कोणी भेटावे तसा सुखावतो. दुसरी गोष्ट म्हणजे तो सारनाथास जातो, संग्रहालयातील सिंहशीर्षासमोर उभा राहतो, आणि दोन हजार दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटूनही त्या दगडावर टिकून राहिलेली चकाकी पाहून थक्क होतो. या दोन दर्शनांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे त्याच्या मनात येत नाही. माझ्याही मनात बरीच वर्षे आले नव्हते. पण घाटाच्या पायऱ्या आणि अशोकाचा स्तंभ यांचा दगड एकाच घराण्यातला. काशीच्या नैर्ऋत्येस मिर्झापूर जिल्ह्यात चुनार आहे. तेथील वालुकाश्मावर मौर्यांच्या पाथरवटांनी हात चालवला, आणि मराठी सरदारांच्या घाटांनाही त्याच टापूतला दगड लागला. मग एक दगड आरशाच्या वाटेने गेला आणि दुसरा दगडच राहिला, तो का? दोहोंतील अंतर किती, आणि ते मोजता येते काय?

प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याच्या उत्तरासाठी माणसाला तीनशे वर्षे खर्चावी लागली. खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश कोणकोणत्या दिशांना आणि किती प्रमाणात विखुरतो, हा तो प्रश्न. त्याच्या इतिहासात पॅरिस व लंडन आहेत, तसेच कलकत्ता आणि पुणेही आहे. आणि एक असे नाव आहे, की जे आपल्याच देशात फार थोड्यांना ठाऊक असेल. ते नाव वाचकांपुढे ठेवावे, हाच या लेखाचा मुख्य हेतू.

आरंभ मात्र घाटावरूनच करू. काशीचे घाट पूर्वाभिमुख आहेत. सूर्योदयाच्या वेळी नावेत बसून घाटाकडे पाहणाऱ्याच्या पाठीशी सूर्य असतो, आणि त्याला सगळा घाट एखाद्या चित्रपटासारखा सपाट, एकसारखा उजळ दिसतो. पायऱ्यांचे खाचखळगे नाहीसे होतात. तोच मनुष्य उतरून वरच्या पायरीवर गेला आणि सूर्याकडे तोंड करून खाली पाहू लागला, की नाना पावलांनी झिजलेल्या त्याच पायऱ्यांवरून लालसर तेजाची एक पट्टी थेट पाण्यापर्यंत जाताना दिसते. दगड तोच, सूर्य तोच, घटकाही तीच. बदलली ती केवळ पाहणाऱ्याची जागा. म्हणजे पृष्ठभागाची उजळी हा केवळ पृष्ठभागाचा गुण नव्हे. प्रकाश कोठून आला आणि डोळा कोठे आहे, या दोन दिशा सांगितल्याखेरीज ‘हा दगड किती उजळ आहे’ या प्रश्नाला अर्थच नाही.

हे मर्म प्रथम ठामपणे हेरले ते गॅलिलिओने. १६३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादग्रंथात, चंद्राचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत नसून ओबडधोबडच असला पाहिजे, हे पटविण्यासाठी त्याने एक घरगुती दाखला दिला. उन्हातल्या भिंतीवर आरसा टांगावा आणि दोहोंकडे निरनिराळ्या ठिकाणांहून पाहावे. आरसा एकाच ठिकाणाहून डोळे दिपवितो. इतर सर्व ठिकाणांहून त्याच्यापेक्षा भिंतच उजळ दिसते. चंद्र कोठूनही पाहिला तरी उजळ दिसतो. तेव्हा तो आरशाच्या जातीचा नव्हे, भिंतीच्या जातीचा. सनातन्यांच्या आकाशातील निर्दोष, घोटीव चंद्रगोल त्याने अशा रीतीने भिंतीच्या पंक्तीस आणून बसविला.

गॅलिलिओने तर्क केला. मोजमाप केले ते फ्रान्सच्या प्येर बूगेरने. माणसाचा डोळा ‘किती’ हे सांगण्यास असमर्थ, पण ‘सारखे की कमीअधिक’ हे सांगण्यात निष्णात असतो, हे त्याने ओळखले. म्हणून दोन उजळलेले तुकडे शेजारीशेजारी ठेवायचे, एकाचा दिवा पुढेमागे सरकवीत दोन्ही सारखे दिसेपर्यंत जायचे, आणि दिव्याच्या अंतराच्या वर्गावरून प्रकाशाचे प्रमाण काढायचे. दुप्पट अंतरावर प्रकाश चौथा हिस्सा, तिप्पट अंतरावर नववा. तराजूत पारडे समतोल करावे तसा हा प्रकार. अशा तऱ्हेने त्याने कागद, गिलावा आणि ओप न दिलेली चांदी यांवरून निरनिराळ्या कोनांत किती प्रकाश परततो, ते मोजले. बूगेर १७५८ मध्ये वारला. त्याचा मोठा ग्रंथ १७६० साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने एक कल्पना मांडली: खडबडीत पृष्ठभाग म्हणजे नाना दिशांना कललेल्या असंख्य चिमुकल्या आरशांचा समुदाय. प्रत्येक आरसा आपल्यापुरता नियमानेच वागतो. ज्या दिशेला तोंड करून बसलेले आरसे अधिक, त्या दिशेला प्रकाश अधिक.

त्याच १७६० साली योहान हाइन्रिख लॅम्बर्टचा दीप्तिमापनावरील लॅटिन ग्रंथ निघाला. लॅम्बर्टचा नियम बूगेरच्या मानाने फार सुटसुटीत. संपूर्ण निस्तेज पृष्ठभाग कोठूनही पाहिला तरी सारखाच उजळ दिसतो; त्यावर प्रकाश जितका तिरपा पडेल तितकी उजळी कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात घटते. खडूने माखलेली भिंत या नियमाच्या बरीच जवळ येते. सुटसुटीत नियमाला लोकप्रियता लवकर लाभते, आणि लॅम्बर्टचा नियम आजतागायत पाठ्यपुस्तकांत नांदतो आहे. परंतु त्याच्या विरुद्ध साक्ष देणारा साक्षीदार दरमहा आकाशात उगवतो. कार्तिकी पौर्णिमेस घाटावर लक्षावधी दिवे लागतात, तेव्हा वर चंद्राकडेही क्षणभर पाहावे. तो लॅम्बर्टच्या नियमाने वागता, तर मध्यभागी उजळ आणि कडेकडे काळवंडत गेलेला, चेंडूसारखा दिसता. प्रत्यक्षात तो एखाद्या थाळीसारखा, कडेपर्यंत जवळजवळ सारखाच उजळ दिसतो. शिवाय अष्टमीच्या अर्ध्या चंद्राचा प्रकाश पौर्णिमेच्या निम्मा असावा असे वाटते. तो दहावा हिस्साही जेमतेम असतो. कारण घाटाचेच. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो. चंद्रावरील प्रत्येक खड्याची सावली त्या खड्याच्याच मागे दडते आणि आपल्याला केवळ उजेडाच्या बाजू दिसतात. नावेतून घाट सपाट दिसावा आणि गच्चीतून चंद्र सपाट दिसावा, याचे कारण एकच आहे.

येथवर प्रकाशाला किरण मानून काम भागले. पण सारनाथच्या ओपाचे कोडे किरणांनी सुटत नाही. चिमुकले आरसे मोठे करीत गेले तर ते वेगवेगळे दिसतील. लहान करीत गेले तर? कितीही लहान केले तरी ते निरनिराळ्या दिशांनाच तोंडे करून बसलेले राहतील आणि पृष्ठभाग निस्तेजच राहील. मग दगड घासता घासता एका टप्प्यावर तो चकाकू लागतो, तो का? येथे प्रकाश ही लहर आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दोनहजाराव्या भागाहून किंचित अधिक. पृष्ठभागावरील उंचवटे आणि खळगे या मापाच्या मानाने क्षुल्लक झाले, की उंचवट्यावरून परतलेली लहर आणि खळग्यातून परतलेली लहर जवळजवळ पावलाला पाऊल मिळवून चालतात, आणि प्रकाशाच्या दृष्टीने तो पृष्ठभाग सपाट ठरतो. लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी अशी आहे: उंचसखलपणाला आपाती कोनाच्या कोज्येने गुणावे, गुणाकार तरंगलांबीच्या अष्टमांशाहून लहान आला तर पृष्ठभाग गुळगुळीत मानावा. समोरून पाहिल्यास हिरव्या प्रकाशासाठी ही मर्यादा सुमारे ६९ नॅनोमीटर येते. वालुकाश्माच्या एखाद्या बारीक कणाचा व्यास मिलिमीटरचा दहावा भाग धरला, तरी तो हिरव्या प्रकाशाच्या सुमारे १८० तरंगलांब्यांएवढा होतो. घाटाचा दगड आणि आरसा यांत किती मजल आहे, याचा अंदाज यावरून यावा.

रॅले यांनी १९०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ओपाच्या विषयावरच एक व्याख्यान दिले. घासणे आणि ओप देणे या दोन क्रिया एकाच प्रकारच्या नसून मूलतः भिन्न आहेत, असे त्यांच्या सूक्ष्मदर्शकाने त्यांना दाखविले होते. घासण्याने पृष्ठभागाचे टवके उडतात. ओप देताना मात्र आधी उंचवट्यांच्या माथ्यांवर लहान लहान सपाट जागा तयार होतात. त्या प्रथमपासूनच निर्दोष असतात आणि हळूहळू पसरत एकमेकींना मिळतात. जणू द्रव्य रेणूरेणूने निघून जात असावे. पुढे जॉर्ज बील्बी यांनी, माथ्यांवरचे द्रव्य वाहून खळग्यांत पसरते, असा वेगळा पक्ष मांडला, वादही झाले. पण ओप ही वरून फासलेली वस्तू नसून पृष्ठभागाचीच एक अवस्था असू शकते, ही गोष्ट त्यानंतर दुर्लक्षिण्याजोगी राहिली नाही. मौर्यांचा ओप हा कसलासा लेप होता की केवळ घर्षणाची करामत, असा वाद आपल्या पुरातत्त्वज्ञांत चालत आला आहे. त्या वादात पडणाऱ्याने हे व्याख्यान आधी वाचावे.

आता कलकत्त्यास जाऊ. १९०७ साली एक अठरा वर्षांचा तमिळ तरुण सरकारी हिशेबखात्यात साहाय्यक महालेखापाल म्हणून तेथे रुजू झाला. कचेरी सुटल्यावर बहूबाजार रस्त्यावरील एका संस्थेत तो प्रयोग करी. ती संस्था डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापिलेली. मध्यंतरी १९०९ मध्ये त्याची बदली रंगूनला झाली, १९१० मध्ये आपल्या नागपूरला झाली, आणि १९११ मध्ये तो पुन्हा कलकत्त्यास आला. बदलीचा कागद हाती पडला म्हणजे सामानाची बांधाबांध कशी करावी लागते, मुलांच्या शाळा आणि आपले छंद यांची कशी वाताहत होते, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. या गृहस्थाने प्रयोगाचे साहित्यही बरोबर बांधले, आणि बदलीच्या गावी राहत्या घरातच प्रयोगशाळा थाटली. ते चंद्रशेखर वेंकट रामन होत.

काशीशी रामन यांचा संबंध जुना आहे. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसली आणि पुढे ५ ते ८ तारखांना तेथे व्याख्यानमाला झाली. त्या मालेतील गांधीजींचे भाषण इतिहासात गाजले, त्यामुळे इतर वक्त्यांचे स्मरण कोणास राहिले नाही. त्यांत रामनही होते. भौतिकशास्त्रातील नव्या वाटा हा त्यांच्या व्याख्यानांपैकी एकाचा विषय होता. त्या दिवशी ते प्राध्यापक नव्हते, हिशेबखात्यातले अधिकारी होते. नोकरी सोडून पगाराचे मोठे नुकसान सोसत त्यांनी कलकत्ता विद्यापीठातील पालित अध्यासन स्वीकारले, ते पुढल्या वर्षी, १९१७ मध्ये.

त्यांच्याभोवती कलकत्त्यात जे तरुण संशोधक जमले, त्यांत टी. के. चिन्मयानंदम् हे एक होते. अभ्रकातील वलयांवरचा त्यांचा एक निबंध १९१८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. दुसरा निबंध १९१९ साली अमेरिकेच्या ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या १३व्या खंडात आला, विषय, खडबडीत पृष्ठभागांवरून होणारे नियमित परावर्तन. अवघ्या काही पानांचा मजकूर. पण त्यातील विचार नवा होता. पृष्ठभागावरील एकेका उंचवट्याचा आकार कोणास ठाऊक नसतो आणि तो ठाऊक असण्याची गरजही नाही. मोजमापातील चुका ज्या नियमाने सरासरीभोवती विखुरलेल्या असतात, त्याच नियमाने उंचवटे आणि खळगे सरासरी पातळीभोवती विखुरलेले आहेत असे धरावे; मग आरशाप्रमाणे नियमित दिशेने परतणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण एका सुटसुटीत घातांकी सूत्राने निघते. त्या सूत्रात फक्त तीनच गोष्टी येतात: सरासरी उंचसखलपणा, तरंगलांबी आणि आपाती कोन.

सूत्राचे सामर्थ्य एका उदाहरणाने दिसेल. एखाद्या पृष्ठभागाचा उंचसखलपणा १०० नॅनोमीटर आहे असे समजा. समोरून हिरवा प्रकाश टाकला, तर गुळगुळीत पृष्ठभागाच्या मानाने केवळ अर्धा टक्का प्रकाश आरशासारखा परततो. पृष्ठभाग निस्तेज दिसतो. तोच प्रकाश लंबाशी ८० अंशांचा कोन करून, म्हणजे पृष्ठभागाला जवळजवळ घासून टाकला, तर हे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवर जाते. निस्तेज पृष्ठभाग आरसा बनतो. आता कोन ६० अंशांचा ठेवा आणि रंग बदला. ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाचे प्रमाण सुमारे ३९ टक्के, ४५० नॅनोमीटरच्या निळ्याचे १४ टक्के. म्हणजे अशा पृष्ठभागातले प्रतिबिंब तांबूस दिसले पाहिजे. वाचकांनी घासलेल्या काचेचा तुकडा डोळ्यांच्या पातळीत आडवा धरून पलीकडच्या दिव्याकडे पाहावे. समोरून काहीच न दाखविणारी काच तिरप्या नजरेला दिवा दाखवू लागते, आणि आरंभी तो लालसर दिसतो. घाटावरच्या पायऱ्यांवर पहाटे दिसणारी तेजाची पट्टी याच न्यायाने उजळते. तिच्या लालीत उगवत्या सूर्याचा वाटा मोठा, हे मात्र विसरू नये.

या निबंधाचे पुढे काय झाले? जी गत पुष्कळ चांगल्या कामांची होते तीच. तीसपस्तीस वर्षे तो पडून राहिला. मग दुसऱ्या महायुद्धात रडार आले. समुद्राच्या लाटांवरून रेडिओलहरी कशा परततात, हे जाणणे आरमारांच्या जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसले, आणि खडबडीत पृष्ठभागांचा अभ्यास सर्वत्र नव्याने सुरू झाला. १९५४ मध्ये डेव्हिस यांनी लहरींच्या परावर्तनाचे असे गणित मांडले. १९६१ मध्ये अमेरिकेत बेनेट आणि पोर्टियस यांनी त्याच्या आधारे, परतणारा प्रकाश मोजून त्यावरूनच आरशाचा उंचसखलपणा काढण्याची रीत सिद्ध केली. प्रश्न उलटा झाला: दगडावरून प्रकाश न काढता प्रकाशावरून दगड काढायचा. १९६३ मध्ये बेकमन आणि स्पित्सिकिनो यांचा प्रमाणग्रंथ निघाला. या सर्व कामाच्या मुळाशी १९१९ चा तो विचार आहे. पण पाश्चात्त्य ग्रंथांत त्याच्या कर्त्याचे नाव काही ठिकाणी ‘चेनमोगनादम्’ असे छापले गेले, आणि एकाने छापले तसे दुसऱ्याने उतरविले. ज्या माणसाने अनियमिततेलाही नियम असतो हे दाखविले, त्याच्या नावाचीच अशी अनियमित छपाई व्हावी, याला काय म्हणावे! परप्रांतात ज्यांच्या आडनावाची अक्षरे हजेरीपटावर दर महिन्याला नवे रूप घेतात, त्या आपल्या बांधवांना या दुःखाची जात वेगळी समजावून द्यावी लागणार नाही. उपाय एकच आहे, आणि तो आपल्या हाती आहे. आपण तरी ते नाव शुद्ध लिहावे आणि मुलांना शुद्ध शिकवावे: चिन्मयानंदम्.

रामन यांच्या शिष्यपरिवारातील दुसरे एक नाव आपल्या अधिक जवळचे आहे. एल. ए. रामदास यांनी रामन यांच्यासमवेत १९२५ च्या सुमारास द्रवांच्या पृष्ठभागांवरून विखुरणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला. वारा मुळीच नसता स्वच्छ पाण्याचा वा पाऱ्याचा पृष्ठभाग तरी पूर्ण गुळगुळीत असतो काय? नाही. उष्णतेने रेणू सदैव अस्वस्थ असतात, आणि त्या अस्वस्थतेच्या अतिसूक्ष्म लहरी पृष्ठभागावर अखंड उठत असतात. त्याही थोडा प्रकाश विखुरतात. थोडक्यात, निर्वात पहाटेची गंगाही आरसा नव्हे. केवळ तिचा खडबडीतपणा आपल्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. पुढे रामदास हवामानखात्यात गेले आणि १९३२ पासून पुण्यास शेतीच्या हवामानशास्त्राचे काम पाहू लागले. तेथे द्रविड यांच्याबरोबर त्यांनी दख्खनच्या काळ्या जमिनीवर खडूच्या भुकटीचा पातळ थर पसरून पाहिला. काळी जमीन उन्हातली बहुतेक सगळी शक्ती पोटात घेते. पांढरा थर ती परत विखुरतो आणि खालची माती पुष्कळ थंड राहते. कलकत्त्यातील प्रयोगशाळेत जो प्रश्न नाजूक कुतूहलाचा होता, तो पुण्यास येताच पिकाच्या मुळांचा झाला. ओल्या जमिनीचा रंग गडद का होतो, याचेही उत्तर त्याच काळातले. १९२५ साली स्वीडनच्या आन्देर्स ओंगस्ट्रोम यांनी दाखविले, की ओल्या पृष्ठभागावरून विखुरलेला प्रकाश पाण्याच्या पातळ थरातून बाहेर पडताना काही अंशी आतल्या आत परत फिरतो आणि पुन्हा शोषला जातो. घाटाची भिजलेली पायरी कोरडीपेक्षा काळसर दिसते, आणि वरचे पाणी सपाट असल्याने चकाकतेही, ती यामुळेच.

बूगेरच्या चिमुकल्या आरशांचे पुनरुज्जीवन १९६७ मध्ये झाले. टोरन्स आणि स्पॅरो यांनी ते आरसे एकमेकांवर सावली कशी टाकतात आणि एकमेकांना कसे झाकतात, हेही हिशेबात धरले. खडबडीत पृष्ठभागाची सर्वाधिक चकाकी नेमक्या आरशाच्या दिशेला न पडता तिच्याही पलीकडे का सरकते, हे त्यातून उलगडले. पौर्णिमेच्या थाळीसारख्या चंद्राचे गणित १९९४ मध्ये मायकेल ओरेन आणि श्री नायर यांनी असेच बसविले: प्रत्येक चिमुकला तुकडा आरसा नव्हे, लॅम्बर्टची भिंत मानायचा. यांतील नायर हे रांचीजवळच्या मेसरा येथील बिर्ला संस्थेचे पदवीधर. संगणकावर तयार होणाऱ्या चित्रांत दगड दगडासारखा आणि रेशीम रेशमासारखे दिसते, त्यामागे हेच सूत्रांचे घराणे उभे असते.

आता पुन्हा सारनाथ. सिंहशीर्ष १९०५ साली ओर्टेल यांच्या उत्खननात हाती आले. सातव्या शतकात ह्युएन्‌त्संगने तेथील स्तंभाच्या चकाकीचे वर्णन करून ठेवलेच होते. या ओपाभोवती आपल्याकडे दोन प्रकारचे बोलणे चालते. एक म्हणतो, ही लुप्त विद्या, आजच्या विज्ञानाला न उलगडणारी. दुसरा म्हणतो, हे सारे इराणातून उसने आणलेले. दोघेही हात जोडतात किंवा नाक मुरडतात. मोजत कोणीच नाही. वास्तविक मोजमापाने पाथरवटाचा गौरव कमी होत नाही, त्याला आकडा मिळतो. ओप दिलेल्या दगडातून समोरासमोर परतणारा नियमित प्रकाश फारच थोडा, गारेच्या बाबतीत सुमारे साडेचार टक्के, असतो. तेवढ्यावरही ज्या दगडात समोरून रेखीव प्रतिबिंब दिसेल, त्याचा उंचसखलपणा काही दशक नॅनोमीटरांच्या आत आणलेला असला पाहिजे. आणि तोही कणाकणांनी बनलेल्या वालुकाश्मावर. केवळ तिरप्या नजरेला चकाकणारा दगड मात्र त्याहून पुष्कळ खडबडीत असू शकतो, हे चिन्मयानंदम् यांच्या सूत्राने आपण पाहिलेच. म्हणून पुढल्या खेपेस सारनाथास गेल्यावर आधी बाजूने पाहावे, मग सावकाश समोर यावे, आणि खिडकीचे प्रतिबिंब कोणत्या कोनावर मावळते ते पाहावे. हात लावावा लागत नाही, काही खरवडावे लागत नाही. डोळा आणि कोन, एवढ्या भांडवलावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या हाताची परीक्षा घेता येते.

काशीत बदलीवर येऊन असे पाहणारे लोक पूर्वीही होऊन गेले. जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० टांकसाळीचा पारखी म्हणून येथे होता. नोकरी सांभाळून त्याने घाट रेखाटले, उच्च तापमान मोजण्याच्या रीती बसविल्या, आणि पुढे १८३७ मध्ये ज्या राजाचे स्तंभ चकाकतात त्याची ब्राह्मी लिपी वाचली. महाराष्ट्रातून आलेले बापूदेव शास्त्री १८४२ पासून येथील संस्कृत महाविद्यालयात गणित व ज्योतिष शिकवीत. कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर १९३२ ते १९६० हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते, आणि त्यांचे चिरंजीव जयंत याच गावी वाढले. या मंडळींनी परक्या गावाला परके मानले नाही. समोर जे होते ते नीट पाहिले. बदलीच्या गावी आपले काय आहे, असे आपण पुष्कळदा म्हणतो. निदान पहाटेचा घाट तरी सर्वांचा आहे. उद्या नावेतून उतरल्यावर पायऱ्या चढून जावे, वरून एकदा सूर्याकडे तोंड करून खाली पाहावे, आणि ज्याचे नाव पुसट छापले गेले त्या माणसाचे स्मरण करावे.